एका कार्डावरचे दोघे

सहादेव बोरुडेला आपण वेडे झालो आहोत हे कारखान्याच्या फाटकावर कळलं.

त्र्याहत्तर सालचा जानेवारी. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. पहाटेच्या एसटीनं तो मिरजगावहून निघाला आणि नगरात माळीवाड्याला उतरला. नागापूरची गाडी अर्ध्या तासानं होती. सहादेव अर्धा तास थांबणारा माणूस नव्हता. तो चालत निघाला. सावेडीच्या पुढं त्या गाडीनं त्याला गाठलं आणि ती पुढं गेली. त्यानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

फाटकावर वॉचमननं काठी आडवी धरली.

"तुला आत सोडायचं न्हाई."

"का?"

"हापिसातनं सांगितलंय. तुझं डोकं फिरलंय म्हनं."

सहादेवनं विचारलं, कोण म्हणतं? वॉचमन म्हणाला, कागद म्हणतो. कामगार विम्याच्या दवाखान्यातून कागद आला आहे, त्यावर शिक्का आहे. सहादेव म्हणाला, मी दोन महिने गावाकडं होतो, इथं पाऊलसुद्धा टाकलं नाही. म्हणाला, आणि जीभ चावली. कारण हजेरीबुकात, हा कागद येईपर्यंत, तो रोज कामावर होता.

वॉचमननं मान हलवली. डोकं फिरलेली माणसं असंच बोलतात, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

त्यातला घोळ असा होता. मिरजगावजवळच्या वस्तीवर बोरुड्यांची जिराईत जमीन होती. तीन वर्षांपूर्वी सहादेवला नागापूरच्या एका फाउंड्रीत साचे भरायचं काम मिळालं. लाकडी चौकटीत काळी वाळू ठोकून बसवायची, मध्ये पोकळी ठेवायची आणि मग त्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. काम चांगलं होतं. पण ज्वारीची पेरणी आणि काढणी काही फाउंड्रीची सुट्टी बघून येत नाही. फाउंड्रीतला मिस्तरी सूर्यभान त्यांच्याच तालुक्यातला. त्यानंच तोड काढली. तू शेतावर जाशील तेव्हा धाकट्याला पाठव, म्हणाला. हजेरीत नाव लागल्याशी मतलब.

धाकटा म्हणजे गोरक्षनाथ. घरी गोरख. सहा वर्षांनी लहान, उंची तेवढीच, नाक तेच. भट्टीपुढं आठ तास उभं राहिलेल्या माणसाचे नुसते डोळे आणि दात दिसतात. कुणी विचारलं नाही. "सहादेव भीमा बोरुडे" अशी हाक आली की गोरख "हजर" म्हणायचा. हळूहळू जोडीदारही त्याला सहादेव म्हणू लागले. विम्याचं कार्ड एकच होतं. त्यावर फोटो नव्हता. दोघांपैकी जो नागापूरला असेल त्याच्या खिशात ते असायचं. दोघांनाही यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं. घरातली एक छत्री दोघं वापरतात, तसं ते होतं.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. पेरणी नाही, काढणी नाही. पण बैल चारा-छावणीवर न्यायचे होते. त्यासाठी सहादेव नोव्हेंबरात गावी गेला आणि अडकून पडला.

वॉचमनशी वाद चाललेला असतानाच सूर्यभान बाहेर आला. त्यानं सहादेवला बाजूला, कंपाउंडाच्या कडेला नेलं. आधी तंबाखू मळली. मग सांगितलं.

डिसेंबरात गोरखचं बोलणं बंद झालं. काम करायचा, पण बोलायचा नाही. मग एक दिवस त्यानं भरलेल्या साच्यात रस ओतू दिला नाही. साच्यावर आडवा हात धरून उभा राहिला. म्हणाला, आत माणूस आहे. पोरं हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी कोणी हसलं नाही, कारण तापलेला रस घेऊन दोन माणसं उभी होती आणि हा हलत नव्हता. सूर्यभाननं त्याला धरून विम्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कागद लिहिला: सहादेव भीमा बोरुडे, मनाचा आजार, कामास अपात्र.

"मंग गोरखचं नाव का न्हाई सांगितलं?" सहादेव म्हणाला.

"सांगतो की. मंग तू घरी, मी घरी आन तो बी घरी. चालंल?"

सहादेवला फार राग आला. राग कुणाचा, हे मात्र ठरेना. सूर्यभान म्हणाला, तू धडधाकट आहेस, तर जा आणि धडधाकट असल्याचं लिहून आण. दोन दिवसांचं काम आहे. जागा मी धरून ठेवतो.

खोली नागापूरच्या गावठाणात होती. घरमालकीण बायडाबाई दारातच भेटली. ती म्हणाली, भाकरी मी देते, पण खातो तेव्हा खातो. आत गोरख भिंतीकडं तोंड करून बसला होता. दाढी वाढली होती. सहादेवनं हाक मारली. त्यानं वळून बघितलं, ओळखीचं काही डोळ्यांत आलं आणि गेलं. सहादेवनं गाठोडं सोडलं, आईनं दिलेली भाकरी आणि ठेचा पुढं ठेवला. गोरखनं भाकरीचे दोन भाग केले. एक भाग भिंतीच्या कडेला ठेवला. उरलेला खाल्ला.

"ते कुनाला?"

गोरख पुन्हा भिंतीकडं वळला.

दुसऱ्या दिवशी सहादेव विम्याच्या दवाखान्यात गेला. रांग दारापर्यंत होती. नंबर यायला दुपार झाली. डॉक्टरांना रोज साठ माणसं तपासायची असत. त्यांनी तोंडाकडं न बघता वही उघडली.

"त्या दिवशी तू एक शब्द बोलत नव्हतास."

"आता बोलतूय की, सायेब."

"तेच म्हणतो. आता फार बोलतोस."

सहादेवनं आवाज चढवला. डॉक्टरांनी वहीत आणखी काहीतरी लिहिलं. मग समजावून सांगितलं. मनाच्या आजाराचा कागद एकदा झाला की तो मनाच्या डॉक्टरानंच पुसायचा. तो कुठं असतो? पुण्यात असतात. नगरात, कार्डावर बघणारा? त्याची यादी यायची आहे. कधी यायची? पत्र गेलं आहे. सहादेवनं जाता जाता, सहज विचारल्यासारखं, विचारलं की समजा माणसाचा भाऊ आजारी असला, तर कार्डावर औषध मिळतं का. डॉक्टर म्हणाले, बायको, पोरं, आईबाप यांना मिळतं. भावाला रकाना नाही.

तिथून त्याची पायपीट सुरू झाली.

शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात त्याला या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवलं. तापाला खाट होती, मोडलेल्या पायाला होती. मनाचं नाव काढल्यावर तिथला माणूस म्हणाला, येरवड्याला न्या. नेतो, सहादेव म्हणाला. तसं नेता येत नाही. कोर्टाचा हुकूम लागतो. हुकूम कसा मिळतो? अर्ज करायचा, दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे. सहादेव म्हणाला, दाखला देणारा डॉक्टर मिळत नाही म्हणून तर मी इथं आलोय. तो माणूस म्हणाला, पुढचा कोण आहे?

कापडबाजाराच्या मागं एक खाजगी डॉक्टर होते. त्यांच्या पाटीवर झोप, भीती, फिट असं सगळं लिहिलेलं होतं. सहादेवला वाटलं, झालं. कंपाउंडरनं कार्ड दोन बोटांत धरलं, उलटंसुलटं केलं आणि परत दिलं. इथं हे चालत नाही. शेजारी एक धर्मादाय दवाखाना होता. तिथं गरिबांना फुकट बघत. सहादेवनं आपण गरीब असल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, खिशातून काय डोकावतंय? विम्याचं कार्ड. मग तुला फुकट नाही. विमा असलेला माणूस गरीब धरत नाहीत. बरं, मग कार्डावर बघा. कार्ड आम्ही घेत नाही.

सहादेव बाहेर येऊन पायरीवर बसला. त्याला आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं, की आपलं डोकं खरंच फिरेल.

मधल्या एका रविवारी आई झुंबरबाई गावाहून आली. तिनं गोरखचं तोंड धुतलं, केस विंचरले आणि कुणाला न विचारता त्याला घेऊन गेली. तीन दिवसांनी दोघं परत आली. गोरखच्या कपाळाला अंगारा होता, दंडाला ताईत होता. देवऋषीनं काय सांगितलं, हे सहादेवनं विचारलं नाही. त्याच्या मनात एवढंच आलं, की इतक्या दिवसांत कार्ड न मागणारा हा पहिला माणूस. गोरख पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसला आणि अर्धी भाकरी कडेला ठेवू लागला.

झुंबरबाई धीराची बाई. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कागदावर तुझंच नाव हाय ना? मंग ऱ्हाऊ दे."

"म्हंजी?"

"तुझं लगीन झालंय. तुला काय फरक पडतो? ह्याचं अजून व्हायचंय."

सहादेव तिच्याकडं बघत राहिला. आई थट्टा करत नव्हती.

मनाच्या डॉक्टराचा पत्ता शेवटी रांगेतच मिळाला. विम्याच्या दवाखान्यात औषधाच्या खिडकीपुढं आक्काबाई नावाची एक बाई उभी होती. एका कारखान्यात झाडलोट करायची. सहादेव खिडकीतल्या माणसाशी भांडत होता, ते ती ऐकत होती. म्हणाली, स्टेशनच्या रस्त्याला एक धर्मशाळा आहे, तिच्या मागच्या दोन खोल्यांत पुण्याचा डॉक्टर येतो. दुसऱ्या आणि चौथ्या गुरुवारी. कार्ड घेतो.

"तुमाला कसं ठावं?"

"मी जाते. मला नुसतं रडू यायचं. हातात झाडू घेतला की रडू." पिठाची गिरणी कुठली चांगली हे सांगावं, तसं ती सांगत होती. "आता न्हाई येत."

तो गुरुवारच होता. सहादेव तडक गेला. कुलूप होतं. तो महिन्याचा पहिला गुरुवार होता, हे त्याला कुलूप बघून आठवलं. दुसऱ्या गुरुवारी तो गोरखला घेऊन गेला. खोली उघडी होती, बाकं भरलेली होती. डॉक्टरांची गाडी वाटेत बंद पडली होती. दोन वाजता कारकुनानं सगळ्यांना घरी जायला सांगितलं. सहादेव तीनपर्यंत बसून राहिला. कुणीतरी यावं आणि त्याच्याशी भांडावं, एवढीच त्याची इच्छा होती.

चौथ्या गुरुवारी डॉक्टर आले.

कारकून टेबलाशी बसून कार्डं तपासत होता. "सहादेव भीमा बोरुडे," तो म्हणाला. सहादेवनं गोरखला पुढं केलं. सगळं त्यानं वाटेतच ठरवलं होतं. आजारी सहादेव हा. आपण त्याचा भाऊ. औषध घ्यायचं, बरं करायचं आणि मग बरं झाल्याचा दाखला घेऊन आपण कामावर जायचं. इतकं सोपं होतं की आधी का सुचलं नाही, याचा त्याला राग आला होता.

कारकुनानं कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "ओळखीची खूण. डाव्या कानामागं चामखीळ." तो उठला, त्यानं गोरखचा कान पुढं वाकवून बघितला. मग दुसरा बघितला. "ह्याला नाही."

बाकावरची माणसं बघू लागली. कार्डावर असं काही लिहिलेलं असतं, हे सहादेवला माहीतच नव्हतं. नाव नोंदवताना कुणीतरी त्याचं डोकं धरून फिरवलं होतं, एवढं त्याला अंधुक आठवलं. त्यानं टोपी काढली.

"ती हितं हाय."

"मग पेशंट कोण?"

"मी."

"मग ह्याला कशाला पुढं ढकललंस?"

"येडा हाय ना मी," सहादेव म्हणाला.

कारकुनाला हे पटलं. त्यानं दोघांनाही आत सोडलं. एकटा वेडा आत पाठवत नाहीत, सोबत माणूस लागतो, असा तिथला नियम होता.

डॉक्टर पन्नाशीचे, सर्दी झालेले. त्यांनी सहादेवला समोरच्या खुर्चीवर बसवलं. गोरख भिंतीजवळच्या बाकावर बसला. काय होतंय, असं डॉक्टरांनी विचारलं. सहादेवनं एकदा गोरखकडं बघितलं आणि सुरुवात केली. मला झोप येत नाही. मी दिवसभर भिंतीकडं बघतो. आंघोळ कर म्हटलं तर करतो, नाही म्हटलं तर बसून राहतो. कोणाशी बोलत नाही. मला भाकरी दिली की मी अर्धी बाजूला काढून ठेवतो.

"कुणासाठी?"

"साच्यात मानूस हाय, त्येच्यासाठी."

"साच्यात?"

सहादेवनं फाउंड्रीचं सांगितलं. रस ओतू न दिल्याचं सांगितलं. सगळं "मी, मी" करत सांगितलं. महिनाभर तो हे सांगायला माणूस शोधत होता, पण असं सांगावं लागेल असं त्याला वाटलं नव्हतं. डॉक्टर ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "तो माणूस काही बोलतो?"

सहादेव थांबला. हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं कधी विचारलंच नव्हतं. काहीतरी ठोकून द्यावं असं त्याच्या मनात आलं, पण सुचेना.

"हजेरी देतो," बाकावरून गोरख म्हणाला.

आवाज खरखरीत होता. दोन महिन्यांत तो इतकं बोलला नव्हता. सहादेव वळला.

डॉक्टर वळले नाहीत. त्यांनी तसंच, सहादेवकडं तोंड ठेवून, विचारलं, "कशी?"

"सहादेव म्हनून पुकारलं, की आतनं हजर म्हनतो. लई येळा ऐकलंय मी." गोरख पुढं म्हणाला, "सहादेव आत हाय. मंग मी भाईर कोन हाय?"

डॉक्टर उठले, कारकुनाला चहा आणायला पाठवलं, दार लोटलं आणि आपली खुर्ची उचलून गोरखच्या समोर ठेवली. ते बराच वेळ त्याच्याशी हळू आवाजात बोलले. नाडी बघितली, डोळे बघितले, हात पुढं करायला सांगितले. गोरख तीन-चार वाक्यं बोलला. सहादेव दुसरीकडं तोंड करून बसला. हे आधी आपल्याला का नाही सांगितलं, म्हणून त्याला गोरखचा राग आला. मग आठवलं, की आपण दर खेपेला कार्ड हातात देऊन एवढंच म्हणायचो, नाव विसरू नको.

डॉक्टर परत टेबलाशी आले. त्यांनी काही विचारलं नाही. कार्ड उघडून ठेवलं, त्यावर बोट ठेवलं आणि सरळ सांगितलं.

"माझ्यापाशी एक कार्ड आणि एक कागद आहे. तुम्ही ठीक आहात असं लिहिलं, तर तुम्ही उद्या कामावर जाल. मग या कार्डावर मला औषध देता येत नाही. आजारी आहात असं लिहिलं, तर औषध मिळेल, दर खेपेला. पण औषध चालू असलेल्या माणसाला भट्टीजवळ सोडणार नाहीत. तसं मला लिहावंच लागतं."

"भावाच्या नावानं?"

"भावाला रकाना नाही."

"ठावं हाय," सहादेव म्हणाला. "किती दिस लागत्याल?"

"सहा महिने. बरा होईल असं मला वाटतं. शब्द देत नाही."

सहा महिने सूर्यभान जागा धरणार नव्हता. त्याचा मेव्हणा केव्हापासून टपून बसला होता. दुष्काळात कारखान्यातली जागा सोडणारा माणूस सापडला तर लोक त्याला खरोखरच वेडा म्हणाले असते. सहादेवनं डॉक्टरांकडं बघितलं, मग कार्डाकडं. सगळ्या तालुक्यात, सगळ्या नगरात, हिंडून हिंडून एक ठिकाण सापडलं होतं जिथं हे कार्ड घेतात. आणि ते घेऊन हा माणूस असं म्हणत होता. त्याला टेबल उलटं करावंसं वाटलं.

गोरख बाकावरून त्याच्याकडं बघत होता. भिंतीकडं नव्हे.

"लिव्हा," सहादेव म्हणाला. "झोप येत न्हाई म्हनून लिव्हा. भिताडाकडं बघतो म्हनून लिव्हा. समदं लिव्हा."

कागद त्यानं स्वतःच कारखान्यात नेऊन दिला. सूर्यभान म्हणाला, तुला ठीक असल्याचं आणायला पाठवलं होतं, तू हे काय आणलंस? सहादेव म्हणाला, गेलो आणि कळलं की मी आजारी आहे. वॉचमननं त्याला पाणी पाजलं. कधी नव्हे तो मऊ बोलला.

खोली सोडून दोघं गावी गेले. मिरजगावच्या रस्त्यावर दुष्काळी काम निघालं होतं, खडी फोडायचं. कागदावर आजारी असलेल्या सहादेवनं हातोडा धरलेला कुणी बघितला असता तर पंचाईत झाली असती. म्हणून त्यानं मस्टरवर गोरक्षनाथ असं नाव लावलं. पहिल्या दिवशी मुकादमानं ते नाव तीनदा पुकारलं तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं, की आपल्यालाच हाक आहे. तो "हजर" म्हणाला. रात्री त्यानं बायकोला, राहीबाईला, याविषयी काही सांगितलं नाही. तिचा आधीच समज झाला होता की नवरा खरोखर आजारी आहे आणि घरचे तिच्यापासून लपवत आहेत. ती त्याच्या ताटात गुपचूप जास्त वाढायची. झुंबरबाईनं तिला खरं सांगायची मनाई केली होती. बाहेर फुटलं तर गोरखला मुलगी कोण देईल?

दर दुसऱ्या आणि चौथ्या गुरुवारी खाडा करून सहादेव गोरखला नगरला नेई. कारकून चामखीळ बघे. गोळ्यांनी गोरखची जीभ जड झाली, हात थरथरू लागले, तो बसल्या जागी झोपू लागला. झुंबरबाई म्हणाली, भिंतीकडं बघायचा तेच बरं होतं. सहादेवनं डॉक्टरांना तसंच तोडून सांगितलं. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या, वेगळ्या दिल्या, पुन्हा वाढवल्या. एप्रिलात एकदा गोरख सबंध भाकरी खाऊन उठला. आईनं आणखी एक वाढली. ती त्यानं अर्धी ठेवली. पुढं दोन आठवडे तो पुन्हा अर्धीच खात होता आणि सहादेव येता-जाता सगळ्यांच्या अंगावर ओरडत होता. मेमध्ये गोरख स्वतःहून छावणीवर बैलांना बघायला गेला.

जुलैत सूर्यभानचा निरोप आला. मेव्हण्याचा पाय भाजला होता आणि तो पळून गेला होता. सोमवारपर्यंत धडधाकट असल्याचा कागद घेऊन ये, नाही तर दुसरा माणूस घेतो.

त्या महिन्याच्या चौथ्या गुरुवारी दोघं धर्मशाळेत गेले. डॉक्टर आधी गोरखशी बोलले. मग सहादेवला म्हणाले, आता त्याला रोजची एक लहान गोळी पुरे. ती मी माझ्या पेटीतून देतो, कार्ड लागणार नाही. कामावर मात्र तुमच्या जागी त्याला पाठवायचं नाही. पुन्हा कधीच नाही. सहादेव म्हणाला, पेरणीला मी सुट्टी मागीन. नाही दिली तर आई आणि राही बघतील. हे तो मार्चपासून ठरवून बसला होता.

गोरख बाहेर जाऊन बसला. डॉक्टरांनी छापील कागद पुढं ओढला. सहादेव भीमा बोरुडे, कामास पात्र. खाली काही प्रश्न छापलेले होते. ते विचारून लिहायची पद्धत होती.

"जेवण जातं?"

"जातं."

"कुणी नसताना आवाज ऐकू येतात?"

"न्हाई."

"झोप लागते?"

"न्हाई," सहादेव म्हणाला.

डॉक्टरांचं पेन थांबलं. सहादेवच्या लक्षात आलं, की आपण काय बोललो. त्यानं स्वतःवरच दात खाल्ले.

"लागती. लागती म्हनून लिव्हा. सोमवारी कामाव जायचंय."

डॉक्टरांनी लिहिलं. सही केली, शिक्का मारला, कागद घडी करून त्याच्या हातात दिला. सहादेव उठला.

"बसा," डॉक्टर म्हणाले. "तो कागद कारखान्याचा झाला. मी तुम्हाला विचारतोय. कधीपासून नाही?"

दाराच्या फटीतून बाहेरचं बाक दिसत होतं. तुझं नाव काय रे, असं कारकून गोरखला विचारत होता. इतक्या महिन्यांत त्यानं ते एकदाही विचारलं नव्हतं. गोरखनं सांगितलं, गोरक्षनाथ. आणि हे कार्डावर नाही, असंही सांगितलं.

सहादेव खुर्चीवर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"संक्रांतीपासनं," तो म्हणाला.